जुन्या आज्ञावलीत दृश्य इंटरफेस : टूलकिट अंतर्भूत करण्याची प्रक्रिया आणि तिच्यातील अडचणी

प्रास्ताविक

विज्ञान व अभियांत्रिकीच्या अनेक विभागांत एखादी तरी जुनी आज्ञावली नित्य वापरात असते. ती सी किंवा फोरट्रान भाषेत लिहिलेली असते. तिची उत्तरे वर्षानुवर्षे हाताने केलेल्या गणिताशी आणि प्रयोगशाळेतील नोंदींशी ताडून पाहिलेली असतात. मात्र तिच्याशी संवाद साधण्याचा मार्ग म्हणजे काळ्या पडद्यावर टंकलेल्या आज्ञा, किंवा ठरावीक रकान्यांत भरलेली माहितीची फाईल. नव्या विद्यार्थ्याला ही पद्धत जाचक वाटते आणि त्यातूनच या आज्ञावलीला खिडक्या, बटणे आणि आलेख जोडता येतील काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

संपूर्ण आज्ञावली नव्याने लिहिणे हा एक मार्ग आहे. परंतु त्यात इतक्या वर्षांच्या पडताळणीचे संचित वाया जाते. दुसरा मार्ग म्हणजे खिडक्या, बटणे, सूची, सरकपट्ट्या इत्यादी घटक पुरविणारे तयार टूलकिट त्या आज्ञावलीत अंतर्भूत करणे. टीके, क्यूटी, जीटीके, डब्ल्यूएक्स-विजेट्स ही अशा टूलकिटांची परिचित उदाहरणे होत. हा मार्ग वरकरणी सोपा दिसतो. प्रत्यक्षात त्यात आज्ञावलीचे नियंत्रण, स्मृतीची मालकी आणि प्रसंगी उत्तराची अचूकता हे तिन्ही पणाला लागतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे विवेचन मुख्यतः टीके या टूलकिटाच्या आधारे केले आहे. ज्या मोठ्या आज्ञावलीत टूलकिट बसवावयाचे तिला येथे ‘यजमान आज्ञावली’ असे म्हटले आहे.

टीसीएल व टीके : अंतर्भूत होण्यासाठीच जन्मलेली साधने

टीकेची निवड करण्याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. जॉन ओस्टरहाउट हे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एकात्मिक परिपथांच्या आरेखनासाठी संगणकीय साधने तयार करीत असत. मॅजिक हे त्यांच्या गटाचे प्रसिद्ध साधन. अशा प्रत्येक साधनाला वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारण्यासाठी एक छोटी भाषा लागे आणि ती दर वेळी घाईघाईने, तुटपुंज्या स्वरूपात लिहिली जाई. ही भाषा एकदाच नीट लिहून कोणत्याही साधनात जोडता येईल अशा ग्रंथालयाच्या रूपात ठेवावी, या विचारातून १९८८ मध्ये ‘टूल कमांड लँग्वेज’ अर्थात टीसीएल या भाषेची निर्मिती सुरू झाली. तिचा उच्चार जाणकार मंडळी ‘टिकल’ असा करतात. त्याच वर्षाच्या अखेरीस टीके या दृश्य टूलकिटाचे काम हाती घेण्यात आले. पुढे १९९७ चा एसीएम संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार या कार्यासाठी ओस्टरहाउट यांना मिळाला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, टीसीएल ही स्वतंत्र आज्ञावली म्हणून प्रथम कल्पिलेली नव्हती. सी भाषेतील यजमान आज्ञावलीने टीसीएलचा दुभाषी निर्माण करावा, स्वतःची कार्ये नव्या आज्ञांच्या रूपात त्यात नोंदवावीत आणि मग वापरकर्त्याने लिहिलेली छोटी लिपी त्या दुभाष्याकडून चालवून घ्यावी, अशी मूळ योजना होती. समजा, तुळईवरील भारामुळे होणारा वाक काढणारे एक कार्य सी भाषेत आहे. ते ‘वाक’ या नावाची आज्ञा म्हणून नोंदविले की, टीकेमधील बटणाला ती आज्ञा जोडता येते. तुळईची लांबी साठविणारे सी भाषेतील चल टीसीएलच्या चलाशी थेट बांधण्याचीही सोय आहे. पडद्यावरील रकान्यात आकडा बदलला की सी भाषेतील किंमत आपोआप बदलते. मूळ गणिताच्या एकाही ओळीला हात लावावा लागत नाही. एवढ्यापुरते पाहिले तर काम एका दुपारचे आहे. खरी अडचण पुढे सुरू होते.

घटनाचक्राची मालकी

जुनी आज्ञावली वरून खाली वाहते. ती माहिती मागते, गणना करते, उत्तर छापते आणि थांबते. कोणत्या क्षणी काय घडावे हे तीच ठरविते. दृश्य इंटरफेसची रीत याच्या उलट आहे. तेथे आज्ञावली वाट पाहत बसते. माउसची कळ दाबली गेली, अक्षर टंकले गेले, दुसरी खिडकी बाजूला झाल्याने आपला भाग पुन्हा रंगविण्याची गरज पडली, ठरविलेली वेळ संपली, अशा प्रत्येक बाबीला ‘घटना’ म्हणतात. रांगेतून एकेक घटना उचलणे, ती योग्य कार्याकडे सोपविणे आणि पुन्हा वाट पाहणे हे अखंड चालणारे आवर्तन म्हणजे ‘इव्हेंट लूप’ किंवा घटनाचक्र होय.

बहुतेक टूलकिटांची पाठ्यपुस्तकी उदाहरणे ‘मेनलूप’ या एका आज्ञेने संपतात. ती आज्ञा दिली की नियंत्रण टूलकिटाकडे जाते आणि शेवटची खिडकी बंद होईपर्यंत परत येत नाही. नव्याने लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीत यात काहीच गैर नाही. परंतु यजमान आज्ञावलीचे स्वतःचे चक्र आधीच फिरत असेल, म्हणजे ती एखाद्या उपकरणाकडून दर सेकंदाला वाचन घेत असेल, जाळ्यावरील संदेशाची वाट पाहत असेल किंवा वापरकर्त्याच्या पुढील आज्ञेसाठी थांबली असेल, तर एका म्यानात दोन तलवारी येतात. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी टूलकिटाची वागणूक होते. यजमानाचे चक्र थांबते, किंवा ते चालू ठेवले तर खिडक्या गोठतात.

यावर तीन प्रकारचे तोडगे आढळतात. पहिला म्हणजे टूलकिटाचे चक्र मुख्य मानून यजमानाची कामे त्यात घटना म्हणून नोंदविणे. टीसीएलमध्ये फाईल वा सॉकेटवर माहिती आली असता, ठरावीक कालावधी संपला असता, किंवा दुसरे काही काम नसताना चालवावयाची कार्ये नोंदविता येतात. उपकरणाचे वाचन हे अशा वेळी कालघटकाचे काम होते. दुसरा तोडगा याच्या उलट आहे. चक्र यजमानाचेच ठेवावयाचे आणि त्याच्या प्रत्येक फेऱ्यात टूलकिटाला ‘साचलेल्या घटना उरक आणि लगेच परत ये’ असे सांगावयाचे. टीसीएलमधील ‘डू-वन-इव्हेंट’ हे कार्य नेमके यासाठी आहे. वाट न पाहण्याची सूचना देऊन ते बोलाविले की, रांगेत घटना असल्यास एक घटना उरकून, नसल्यास तत्काळ, ते परत येते. टीकेचे स्वतःचे मेनलूप म्हणजे तरी, एखादी मुख्य खिडकी उघडी आहे तोवर याच कार्याची केलेली पुनरावृत्ती होय. तिसरा तोडगा सर्वांत सुबक, पण सर्वांत कष्टाचा: टूलकिटाचा घटना गोळा करणारा भागच बदलून त्याजागी यजमानाचा भाग बसविणे. टीसीएलमध्ये अशी बदली करण्याची सोय आहे. क्यूटीने २००६ मधील ४.२ या आवृत्तीपासून जीलिब या ग्रंथालयाचे घटनाचक्र वापरण्याची सोय केली. त्यामुळे जीटीके व क्यूटी यांचे घटक एकाच चक्रावर फिरू शकतात.

दुसरा तोडगा सर्वाधिक वापरला जातो, कारण तो चटकन जमतो. त्यातील दोष मात्र नेहमी ध्यानी येत नाही. यजमानाने फेऱ्यांमध्ये विश्रांती घेतली नाही तर संगणकाचा प्रक्रियक विनाकारण पूर्ण क्षमतेने राबतो, आणि विश्रांती घेतली तर तेवढा काळ खिडकी निश्चल राहते. जेकब नील्सन यांनी रूढ केलेल्या मापानुसार ०.१ सेकंदापर्यंतचा विलंब वापरकर्त्याला तात्काळ प्रतिसादासारखा भासतो. तेव्हा विश्रांती याहून बरीच कमी असावयास हवी. प्रत्यक्षात ती १० ते २० मिलिसेकंद ठेवण्याचा प्रघात आहे.

विंडोज प्रणालीवर आणखी एक खाचखळगा आहे. वापरकर्ता खिडकीची शीर्षपट्टी माउसने धरून ठेवतो किंवा खिडकीचा आकार बदलत राहतो, त्या काळात प्रणाली स्वतःचे एक आतले चक्र चालविते आणि माउस सुटेपर्यंत यजमानाच्या चक्राकडे नियंत्रण परत देत नाही. यजमानाचे चक्र उपकरणाची वाचने घेत असेल तर कोणी खिडकी नुसती बाजूला सरकविली म्हणून मधली वाचने गळतात आणि पडद्यावर कोणतीही त्रुटी दर्शविली जात नाही. प्रयोगाच्या नोंदींतील असे रिक्त अंतर उपकरणाचा दोष समजले जाण्याचा संभव मोठा. म्हणून कालबद्ध वाचनाचे काम खिडकीच्या चक्रावर कधीही अवलंबून ठेवू नये. ते स्वतंत्र सूत्रावर, म्हणजे थ्रेडवर, असावे.

पायथन आणि आर यांतील टीके

महाविद्यालयीन वर्तुळात टीके सर्वाधिक भेटते ते पायथन भाषेच्या टीकेइंटर या भागातून. स्टीन लुमहोल्ट व ग्वीडो व्हान रॉसम यांनी त्याची मूळ रचना केली आणि फ्रेड्रिक लुंड यांनी तिच्यात पुढे सुधारणा केल्या. पायथनच्या आत टीसीएलचा एक पूर्ण दुभाषी बसविलेला असतो, ही गोष्ट अनेक अध्यापकांच्याही लक्षात आलेली नसते. विद्यार्थी पायथनमध्ये बटण निर्माण करतो तेव्हा पायथनकडून टीसीएलची आज्ञा रचली जाते, ती दुभाष्याकडे जाते आणि दुभाषी टीकेकडून बटण काढून घेतो. बटण दाबले की उलटा प्रवास होतो: टीके घटना टीसीएलला सांगते आणि टीसीएल आधी नोंदविलेल्या पायथन कार्याला हाक मारते. एका भाषेच्या पोटात दुसरी भाषा अशी ही रचना असली तरी माणसाच्या बोटांच्या वेगापुढे हा फेरा नगण्य ठरतो.

पायथनच्या परस्परसंवादी पडद्यावर खिडकी उघडली असता मेनलूप न बोलावताही ती सचेतन राहते, याचे कारणही पाहण्यासारखे आहे. पायथन पुढील ओळ टंकली जाण्याची वाट पाहत असते तेव्हा त्या रिकाम्या वेळात चालविण्यासाठी एका कार्याची जागा मोकळी ठेवलेली आहे. टीकेइंटर त्या जागी स्वतःचे कार्य बसविते. युनिक्स प्रकारच्या प्रणालींवर ते कळफलकाच्या प्रवाहालाच टीसीएलच्या घटनांत सामील करून घेते. विंडोजवर ते दर २० मिलिसेकंदांनी कळ दाबली गेली काय हे पाहते आणि दरम्यान खिडकीच्या घटना उरकते. यजमानाने पाहुण्यासाठी एक खिळा आधीच ठोकून ठेवला असेल तर किती कटकटी टळतात, याचे हे चांगले उदाहरण होय.

संख्याशास्त्राच्या आर या प्रणालीतही हाच प्रश्न आला. पीटर डालगार्ड यांनी तीत टीसीएल-टीके जोडणारा संच तयार केला आणि त्याची ओळख २००१ मध्ये आर न्यूज या नियतकालिकातून करून दिली. युनिक्स प्रणालींवर आर स्वतःचे चक्र सोडत नाही. ते ठरावीक अंतराने टीसीएलच्या साचलेल्या घटना उरकण्यास वेळ देते. वर सांगितलेला दुसरा तोडगा तो हाच. या पायावर जॉन फॉक्स यांनी आर कमांडर हा इंटरफेस उभा केला. पदवी वर्गात संख्याशास्त्र शिकविताना आज्ञा पाठ करण्याचा बोजा कमी व्हावा हा त्याचा हेतू होता. त्याची एक खुबी अशी की, मेनूतून निवडलेल्या प्रत्येक क्रियेची आर भाषेतील आज्ञा वेगळ्या चौकटीत लिहून दाखविली जाते. दृश्य इंटरफेसमुळे विद्यार्थी मूळ भाषेपासून तुटतो, हा नेहमीचा आक्षेप येथे बराचसा बोथट होतो. अंतर्भूत करण्याची ही पद्धत अन्य विभागांनीही उचलावी इतकी उपयुक्त आहे.

दीर्घ गणना आणि पुनःप्रवेश

घटनाचक्राचा प्रश्न सुटला तरी दीर्घ गणनेचा प्रश्न उरतो. बटण दाबल्यावर चालणारे कार्य ४० सेकंद घेत असेल तर तेवढा वेळ चक्र थांबते, खिडकी पांढरी पडते आणि ‘प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना प्रणालीकडून झळकते. वापरकर्ता वैतागून आज्ञावली बंद करतो आणि गणना निम्म्यावर तुटते.

यावर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास दिसणारा उपाय म्हणजे गणनेच्या आवर्तनात मधूनमधून ‘अपडेट’ ही आज्ञा घालणे. खिडकी जिवंत होते खरी, परंतु अपडेट ही आज्ञा केवळ रंगकाम करीत नाही, ती साचलेल्या सर्व घटना चालविते. वापरकर्त्याने अधीरतेने तेच बटण दुसऱ्यांदा दाबले असेल तर पहिली गणना अर्धवट असताना तिच्याच पोटात दुसरी सुरू होते. दोन्ही एकाच सारणीत लिहीत असतील तर पहिलीच्या अर्ध्या नोंदींवर दुसरीच्या नोंदी चढतात. आज्ञावली कोसळत नाही, एक उत्तर छापले जाते आणि ते चुकीचे असते. जुन्या सी व फोरट्रान आज्ञावलींत सारण्या सर्वांना सामायिक अशा ठेवण्याची पद्धत असल्याने हा धोका त्यांना विशेषत्वाने जाणवतो. ‘अपडेट-आयडलटास्क्स’ ही सौम्य आज्ञा केवळ प्रलंबित रंगकाम व मांडणी उरकते. प्रगतिपट्टी पुढे सरकविण्यास बहुधा तेवढी पुरते. शिवाय गणना सुरू होताच बटण निष्क्रिय करणे हा साधा उपाय विसरला जाऊ नये.

अधिक चांगली रचना म्हणजे गणना वेगळ्या सूत्रावर चालविणे. मात्र त्या सूत्राने खिडकीला थेट हात लावू नये हा नियम जवळजवळ सर्व टूलकिटांत आहे. मॅकओएसवर तर खिडक्यांचे काम मुख्य सूत्रावरच झाले पाहिजे. टीकेइंटरमध्ये अन्य सूत्राकडून आलेली हाक रांगेत घालून दुभाष्याच्या मूळ सूत्राकडे पोहोचविली जाते, परंतु त्या वेळी मूळ सूत्र मेनलूपमध्ये नसेल तर आज्ञावली त्रुटी देऊन थांबते. म्हणून गणनेने आपले निष्कर्ष एका रांगेत ठेवावेत आणि खिडकीने दर १०० मिलिसेकंदांनी ती रांग तपासून पडद्यावर दाखवावे, ही विभागणी सर्वांत निर्धोक.

एका वस्तूचे दोन धनी

पायथनमध्ये टीके शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाकडे कधी ना कधी एक तक्रार येते. विद्यार्थ्याने कार्याच्या आत चित्र वाचले, ते लेबलवर लावले, कोठेही त्रुटी नाही, आणि तरीही पडद्यावर चित्राच्या जागी रिकामी चौकट. कारण असे की, चित्राला येथे दोन धनी आहेत. पडद्यावरील चित्र टीकेच्या ताब्यात असते आणि त्याचा प्रतिनिधी असलेली वस्तू पायथनच्या. लेबलला चित्राचे केवळ नाव ठाऊक असते. कार्य संपताच पायथनच्या दृष्टीने त्या वस्तूचा कोणी वापरकर्ता उरत नाही. पायथन ती स्मृतीतून काढते आणि जाता जाता टीकेलाही ते चित्र पुसण्यास सांगते. चित्राचा संदर्भ एखाद्या दीर्घायुषी वस्तूत जपून ठेवला की प्रश्न मिटतो. पण विद्यार्थ्याला केवळ तोडगा सांगून भागत नाही. दोन स्मृतिव्यवस्था एकत्र नांदतात तेथे मालकी कोणाची हे ठरविणे अटळ आहे, हे याच उदाहरणातून चांगले समजाविता येते.

उलट प्रकारही घडतो. वापरकर्त्याने खिडकी बंद केली, टीकेने तिच्यातील सर्व घटक नष्ट केले, परंतु पायथनमधील वस्तू शिल्लक राहिली. नंतर गणना संपून त्या वस्तूला उत्तर दाखविण्यास सांगितले की ‘अशी आज्ञाच नाही’ असे उत्तर टीसीएलकडून येते. यजमान सी भाषेत असेल तर एवढ्यावर भागत नाही. मृत घटकाचा पत्ता वापरल्याने संपूर्ण आज्ञावली कोसळू शकते. म्हणून खिडकी बंद होण्याची घटना यजमानाने स्वतः हाताळावी आणि गणना चालू असताना बंद करण्यास नकार देण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवावा.

दशांशचिन्हाचा घोटाळा

टूलकिटामुळे गणिताचे उत्तर बदलेल अशी शंका सहसा कोणी घेत नाही. तरीही तसे घडू शकते. सी भाषेतील आज्ञावली सुरू होते तेव्हा संख्या वाचण्या-छापण्याचे नियम मूळ ‘सी’ संकेतानुसार असतात आणि दशांशचिन्ह म्हणून पूर्णबिंदू वापरला जातो. युनिक्स प्रकारच्या प्रणालींवर क्यूटी व जीटीके ही टूलकिटे सुरू होताना संगणकाच्या स्थानिक संकेतांचा स्वीकार करतात, आणि हा बदल केवळ टूलकिटापुरता न राहता संपूर्ण आज्ञावलीला लागू होतो. जर्मन वा फ्रेंच संकेतांत दशांशचिन्ह स्वल्पविराम असते. अशा संगणकावर यजमानाची जुनी फाईल वाचताना ३.१४ या संख्येतील ३ वाचून वाचन थांबते. मूळ गणित तेच, फाईल तीच, उत्तर भलतेच.

मराठी व भारतीय इंग्रजी संकेतांत दशांशचिन्ह पूर्णबिंदूच असल्याने हा दोष येथील प्रयोगशाळेत कधीच दिसत नाही. आज्ञावली युरोपातील सहकाऱ्याकडे गेल्यावरच तो प्रकट होतो. क्यूटीच्या अधिकृत दस्तऐवजात याविषयी सावधगिरीची सूचना असून, टूलकिट सुरू केल्यानंतर लगेच संख्यांपुरता ‘सी’ संकेत पुन्हा लागू करावा असा उपाय दिला आहे. एका ओळीचा हा उपाय प्रत्येक यजमान आज्ञावलीत असावा.

देवनागरीचा प्रश्न

इंटरफेस मराठीत ठेवावयाचा असेल तर टूलकिटाची निवड आणखी एका कसोटीवर करावी लागते. टीसीएल-टीके १९९९ मधील ८.१ या आवृत्तीपासून युनिकोड वापरते. तथापि अक्षरे साठविता येणे आणि ती योग्य रीतीने जुळवून दाखविता येणे या भिन्न गोष्टी आहेत. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारक्रमाने व्यंजनानंतर येते, पण लेखनात व्यंजनाच्या आधी काढावी लागते. जोडाक्षरांचे व रफाराचे नियम आणखी निराळे. विंडोज व मॅकओएसवर टीके हे काम प्रणालीकडे सोपविते. लिनक्सवरील एक्स खिडकी-प्रणालीत मात्र टीके ८.६ अक्षरे एकापुढे एक ठेवते. परिणामी ‘स्थिती’ सारख्या शब्दात वेलांटी व्यंजनामागे लोंबते आणि जोडाक्षर हलन्तासह सुटे पडते. क्यूटी व जीटीके यांच्यात ही जुळणी हार्फबझ या ग्रंथालयाच्या साहाय्याने होते. लिनक्स वापरणाऱ्या विभागांनी मराठी इंटरफेससाठी टीके ८.६ निवडू नये, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

परवान्याची बाबही येथेच उल्लेखिलेली बरी. टीकेचा परवाना उदार असून यजमानाच्या परवान्यावर तो बंधन घालीत नाही. क्यूटी २००९ मधील ४.५ या आवृत्तीपासून एलजीपीएल परवान्याखालीही उपलब्ध आहे. परंतु पायथनसाठीचे पायक्यूटी हे जीपीएल वा व्यावसायिक परवान्याने मिळते, तर पायसाइड हे एलजीपीएलखाली. विभागाची आज्ञावली पुढे एखाद्या उद्योगास द्यावयाची असल्यास हा भेद आधी पाहावा.

अंतर्भूत करण्याऐवजी

टूलकिटाने चक्र बळकाविण्याचा प्रश्न इतका जुना आहे की, काही रचना तो मुळातच टाळतात. ओमार कॉर्न्यू यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले डिअर आयएमगुई हे टूलकिट खिडकी उघडत नाही, चक्र चालवीत नाही आणि घटनांची वाटही पाहत नाही. यजमानानेच प्रत्येक चौकटीच्या वेळी माउस व कळफलकाची स्थिती त्याला द्यावयाची. त्याने काय रंगवावे याची यादी परत द्यावयाची. रंगकाम पुन्हा यजमानाचेच. खेळांच्या आज्ञावलींत सेकंदाला ६० चौकटी रंगविणारे चक्र आधीच असते, त्यांना हे टूलकिट सहज मानवते. विभागातील गणनाप्रधान आज्ञावलीत असे चक्र नसल्याने तेथे त्याचा लाभ थोडा. शिवाय तेही देवनागरीची जुळणी स्वतः करीत नाही.

जॉन हंटर यांनी मॅटप्लॉटलिब हे आलेखांचे ग्रंथालय रचताना, आलेख अन्य दृश्य आज्ञावलींत बसविता यावेत ही एक अट सुरुवातीलाच घातली होती. मेंदूच्या विद्युत्-नोंदी पाहण्यासाठीच्या त्यांच्या स्वतःच्या आज्ञावलीची ती गरज होती. आलेख रेखाटणारा गाभा आणि टीके, क्यूटी, जीटीके यांच्याशी बोलणारे पातळ थर यांची त्यात फारकत आहे. टूलकिट बदलले तरी गाभा बदलत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पात पोलादी बांधकामाच्या अभिकल्पासाठी तयार झालेल्या ओसडॅग या आज्ञावलीत याच जातीची बांधणी दिसते: पायथनमधील गणना, क्यूटीची खिडकी आणि त्या खिडकीत बसविलेले ओपन कॅस्केड या ग्रंथालयाचे त्रिमितीय चित्र.

यजमान आज्ञावलीचा मूळ मजकूरच हाती नसेल, किंवा तिच्यातील सामायिक सारण्यांना हात लावण्याचे धाडस कोणी करू नये अशी तिची अवस्था असेल, तर टूलकिट अंतर्भूत न करणे श्रेयस्कर. खिडकीची आज्ञावली स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालवावी, जुन्या आज्ञावलीला तिने पाइपमधून पूर्वीच्याच आज्ञा पाठवाव्यात आणि छापलेली उत्तरे वाचून पडद्यावर मांडावीत. यात दोन चक्रांचा संघर्ष नाही, स्मृतीच्या मालकीचा वाद नाही, आणि टूलकिटाने स्वीकारलेला दशांशचिन्हाचा स्थानिक संकेत गणनेच्या प्रक्रियेत शिरत नाही. खिडकी कोसळली तरी, पाइप तुटल्याने मिळणाऱ्या संकेताकडे दुर्लक्ष करण्याची तजवीज असल्यास, गणना चालू राहू शकते. एकच खबरदारी घ्यावी लागते. जुनी आज्ञावली पडद्याऐवजी पाइपमध्ये लिहू लागली की तिचे छापील उत्तर ओळीगणिक बाहेर न पडता मधल्या साठ्यात अडकून राहते आणि खिडकी उत्तराची वाट पाहत बसते. प्रत्येक उत्तरानंतर साठा रिकामा करण्याची एक ओळ मूळ आज्ञावलीत घालता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तर युनिक्स प्रणालीवर छद्म-टर्मिनल पुरवून आज्ञावलीला आपण पडद्यावरच लिहीत आहोत असे भासविता येते. टीसीएलवर आधारलेले एक्स्पेक्ट हे साधन हेच काम करते.